हार घातलेलं हसू

तुमच्या आजोबांचा बैठकीतला फोटो तुम्ही पाहिला आहे. त्यांच्या उजव्या खांद्याला चिकटून आणखी एक खांदा आहे, करड्या कोटातला. तो कोणाचा हे आम्हाला आजवर कळलेलं नाही. ते गेले त्या दिवशी घरात त्यांचा एकही धड फोटो सापडेना. शेवटी तुमच्या बाबांनी कुठल्याशा लग्नातल्या घोळक्यातून त्यांना कापून काढलं आणि कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून मोठं करून आणलं. हार घातला तो त्या परक्या खांद्यासकट. तेराव्याला माणसं येऊन नमस्कार करत होती आणि मी त्या कोटाकडे बघत होते. माझ्या घरात चमचेसुद्धा लहानमोठे वेगवेगळ्या खणांत असतात, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हाच मी ठरवलं की माझ्या वेळी ही शोधाशोध नको. चांगला फोटो जिवंतपणी काढायचा, चौकट करायची आणि कपाटात ठेवून द्यायचा.

पापडाच्या जाहिरातीत मी गेले ती एवढ्याचसाठी, फोटोची एक मोठी प्रत मला देणार होते म्हणून. लोकांना वाटलं, म्हातारपणी हौस आली. वाटू दे.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण आपल्याला इंग्रजी येतं या घमेंडीनेच मी यात सापडले, म्हणून मराठीत लिहिते. अडेल तिथे आईला विचारा.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एका सकाळी एक मुलगी आली. जाहिरात करणाऱ्या कुठल्या तरी कंपनीची होती. पापड-कुरडयांच्या नव्या पाकिटावर छापायला तिला एक आजी हवी होती. बाजारात वांगी बघावीत तशी ती आम्हा बायकांच्या रांगेवरून नजर फिरवत गेली आणि माझ्यापाशी थांबली. सोबतच्या माणसाला म्हणाली, "ह्या. ह्यांच्याकडे बघितलं की कुणालाही आपली आजी आठवेल."

मला ते आवडलं. पुढे जे झालं त्याचं कारण त्याच वाक्यात होतं, पण तेव्हा ते फक्त आवडलं.

फोटो काढायला दिंडोरी रस्त्यावरच्या एका बंगल्यात नेलं. मागे द्राक्षाचा मळा होता. उन्हाळी छाटणी नुकतीच झालेली, मांडवावर नुसत्या काड्या. तेवढा भाग फोटोत येऊ नये म्हणून एका बाजूने हिरवं कापड धरलं होतं. रंगरंगोटी करणाऱ्या मुलीने माझी काळी टिकली काढली आणि रुपयाएवढं कुंकू लावलं.

मी म्हटलं, "अगं, मी हे लावत नाही. आमचे हे नाहीत."

"आजी, पाकिटावरची आजी कशी भरलेली दिसली पाहिजे," ती म्हणाली. "फोटो झाला की पुसू ना."

मी कपाळ पुढे केलं. आजोबा असते तर म्हणाले असते, लाव की, तुला शोभतं. ते आठवलं म्हणून.

मग हसण्याचं सुरू झालं. फोटोवाला वैतागला. "आजी, हे बँकेत सही जुळल्यासारखं हसताय तुम्ही. आतून हसा. नातवंडं आठवा."

तुम्हाला आठवतो का तो उन्हाळा? तुम्ही दोघं आला होतात, गच्चीवर कुरडया घालायच्या होत्या. गव्हाचा चीक शिजवला होता आणि तुम्हाला वाटीत दूधसाखर घालून दिला होता. धाकट्याने वाटी डोक्यावर उपडी केली. चीक केसांतून कानावर, कानावरून खांद्यावर. मी ओरडायला तोंड उघडलं, तर हा बोटाने कानामागचा चीक पुसून चाटतो आहे आणि मला म्हणतो आहे, "अजून दे."

ते आठवलं आणि मी हसले. खटका वाजला. फोटोवाला म्हणाला, "झालं. हेच."

ते हसू तुमच्यासाठी होतं. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवा.

त्यानंतर कागद आला. त्याला ते रिलीज म्हणतात. फोटोतलं माणूस आपला चेहरा वापरायला परवानगी देतं तो कागद. इंग्रजीत होता, बारीक टायपात. बाकीच्या बायांनी, म्हणजे मागे लाटणं घेऊन उभ्या केलेल्या दोघींनी, न बघता सह्या केल्या. मी पर्समधून चष्मा काढला. नोकरीभर सातपूरच्या कारखान्यात दुसऱ्यांचे करार टाईप केलेली बाई मी, मी काय न वाचता सही करते? वाचलं. लिहिलं होतं की हा फोटो त्यांनी कोणत्याही माध्यमात, कोणत्याही कारणासाठी, कायमचा वापरावा, हवा तसा बदलावा आणि हवं त्याला पुढे द्यावा.

मी म्हटलं, "हे कोणत्याही कारणासाठी काय आहे? मी पापडासाठी बसले आहे."

"अहो आजी, ते सगळ्यांचंच असतं तसं. छापील आहे."

"मग मी इथे लिहिते, फक्त खाद्यपदार्थांसाठी."

"लिहा की, आजी. तुमचंच आहे."

मी समासात तसं लिहिलं, दोन्ही प्रतींवर, आणि खाली सही केली. करारात नंतर काही भर घातली तर तिथे दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात, हे मला पाठ होतं. तसं मी म्हणालेही. "इथे तुमच्यापैकी कोणाची तरी सही हवी."

ती मुलगी माझ्या कोपराला धरून उठवत म्हणाली, "सर करतील ना नंतर. आधी दोन घास खाऊन घ्या, कधीपासून बसल्या आहात. आजी, आमच्यावर विश्वास नाही का?"

सगळे हसले. मीही हसले.

इथे तुम्ही विचाराल, मग थांबली का नाहीस? तुमच्याकडे परदेशात माणूस थांबतो, समोरचा सही करतो आणि कोणाला राग येत नाही. आमच्याकडे एकदा कोणी आजी म्हटलं, पानावर बसवलं, गरम पोळी वाढली, की त्याच्यापुढे कागद सरकवून सही मागणं म्हणजे त्याचा अपमान. कारखान्यात मोठ्या साहेबाला मी सहीसाठी दारात उभं केलेलं आहे. पण तो मला बाई म्हणायचा. आजी म्हणणाऱ्या पोरीला उभं करणं मला जमलं नाही. आता वाटतं, त्या धंद्यात हे शिकवतच असतील. सही घ्यायच्या आधी नातं लावायचं.

कबूल केल्याप्रमाणे फोटोची मोठी प्रत कुरिअरने आली. फोटो फार चांगला होता. कुंकू सोडलं तर मीच होते. चौकट केली, जुन्या चादरीत गुंडाळली, कपाटात वरच्या फळीवर ठेवली. एक काम संपलं म्हणून त्या दिवशी चहा दोनदा घेतला.

पापडाच्या पाकिटावर मात्र मी कधीच आले नाही. दुकानात पाहिलं तर पाकिटावर चित्र होतं, पदर खोचलेल्या कुठल्याशा बाईचं. मला थोडं वाईट वाटलं आणि विसरले.

आपल्या फाटकाशी फुलं घेऊन येते ती मळेवाली तुम्हाला आठवत असेल, मखमलाबादकडची. श्रावणातली सकाळ होती. मी खाली गेले तर ही टोपली खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली.

"बाई, तुमी हायत?"

"नसायला काय झालं?"

"काल मालेगाव स्टँडला उतरले, तर वर तुमचा फोटू. हे एवढा मोठा. हार घातलेला. माजं काळीज हाललं. म्हणलं, परवा तर शेवंती घेतली माझ्याकडनं." मग जरा धीर आल्यावर म्हणाली, "पण मेल्यावर बी लय टवटवीत दिसता तुमी. हार तेवढा खोटा हाय. कंपुटरचा. खरा घालायला काय झालतं त्यान्ला? मी दिला नसता?"

मालेगाव स्टँड नावालाच मालेगावचा, आहे आपल्याच गावात; रिक्षा करून गेले. मालेगाव स्टँडवरून रामकुंडाकडे उतरायला लागलं की डाव्या हाताला तो फ्लेक्स होता. अस्थी घेऊन आलेली माणसं त्याच रस्त्याने खाली जातात. चंदनी हार घातलेली मी, पाठीमागे निळसर ढग आणि पुढे समई. खाली मजकूर होता. दहावा, तेरावा, अस्थिविसर्जन, वर्षश्राद्ध, सगळं एका फोनवर. आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत: परदेशात आहात? आजीचं कार्य इथे आम्ही करू.

कपाळावर कुंकू तसंच होतं. नवऱ्याच्या आधी गेलेली बाई भाग्याची समजतात आपल्याकडे, तसं दाखवायचं असेल. ज्यांनी कोणी हे बनवलं त्यांनी मला एकाच दमात सवाष्ण केलं आणि मारलं. आणि मी हसत होते. तेच हसू. चीक कानावरून ओघळतो आहे आणि मी हसते आहे.

एक माणूस मुंडण करून वर येत होता. त्याने फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुन्हा फ्लेक्सकडे. मी पदर डोक्यावर ओढून घेतला. जिवंत असल्याची लाज मला त्या दिवशी वाटली.

रस्त्यावरचं एक वेळ ठीक होतं. पण तीच जाहिरात फोनवरही फिरत होती, आणि ती तुमच्यासारख्यांसाठीच होती. परदेशातल्या नातवंडांना शोधून दाखवायची जाहिरात. तुम्ही कधी तरी फोन उघडाल आणि हार घातलेली मी तुमच्याकडे बघून हसेन, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुम्ही ती पाहण्याआधी ती उतरली पाहिजे. बाकी माझं काहीच मागणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मनमाडहून अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, तिचे यजमान रेल्वेत होते. आता अंथरुणाला खिळली आहे. तिच्या सुनेने फोनवर पाहून तिला दाखवलं होतं.

"बोल काहीतरी," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही बोल. आवाज ऐकू दे." मी सकाळी केलेल्या भाजीचं सांगितलं. आणि मग, "पापडासाठी गेली होतीस ना? तळलं बघ तुला. असू दे, अशी खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं." आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, "पण कुंकू कसलं लावून घेतलंस गं? इथे सगळ्या तेच विचारताहेत."

माझ्या मरणाचं कोणाला फार वाटलं नव्हतं. कुंकवाचं वाटलं होतं.

मी त्या जाहिरात कंपनीला फोन लावला. तीच मुलगी. मी ओळख सांगितल्यावर म्हणाली, "हां, बोला मॅडम."

मॅडम. तिथेच मला पुढचं सगळं कळलं.

पापडवाल्यांनी फोटो नाकारला, मग तो आमच्या संग्रहात गेला, संग्रहातून ज्यांना हवा त्यांनी घेतला, असं तिने सांगितलं. फॉर्ममध्ये तसं लिहिलं होतं. समासातलं? ती तुमची इच्छा होती, मॅडम, आमच्याकडून कोणी त्यावर सही केलेली नाही.

श्राद्धवाल्यांना फोन केला. तिथला माणूस फार गोड बोलला. त्यांनी फोटो रीतसर विकत घेतला होता. "तुम्ही स्वतः का? वा. फार छान रिस्पॉन्स आहे तुम्हाला," तो म्हणाला. "लोक सांगतात, बघूनच डोळे भरतात." मी म्हटलं, मी जिवंत आहे. तो म्हणाला, "हो, हो, शतायुषी व्हा."

वरच्या मजल्यावर राहणारी वकील मुलगी जिल्हा कोर्टात काम करते. संध्याकाळी कागद घेऊन तिच्याकडे गेले. तिने दोनदा वाचला.

"काकू, मॉडेल म्हणून वेगळा कायदा नाही आपल्याकडे. करार असतो. करारात तुम्ही चेहरा दिलात."

"पापडाला दिला होता."

"ते समासात. तरी मी म्हणेन, तुमचं वाक्य वाचून त्यांनी कागद ठेवून घेतला, फोटो वापरला, म्हणजे अट मान्य केली. संमती ज्या कामाला दिली त्या कामापुरतीच, असंही मांडता येईल. खासगीपणाचा हक्क प्रत्येकाला आहे. भांडता येतं."

"सिनेमातल्या माणसांचे फोटो तर कोर्ट लगेच उतरवायला लावतं. पेपरात वाचते मी."

"त्यांच्या चेहऱ्याला बाजारात किंमत असते, ती दाखवता येते. तुमचा..." ती अडखळली.

"माझा कुणालाही आपली आजी वाटावा असा आहे. म्हणून तर घेतला."

"हो. आणि म्हणून ते म्हणणार, तो खास कुणाचाच नाही."

"बदनामी?"

"मेलेलं दाखवणं बदनामीत बसवणं कठीण आहे, काकू. मरण्यात गैर काही नाही ना."

किती काळ लागेल, विचारलं. ती म्हणाली, तुमचं वय पुढे करून लवकर तारीख मागू. म्हणजे मी आता फार दिवसांची नाही, हा मुद्दा माझ्याच बाजूने मांडायचा होता. मी तिला म्हटलं, दावा राहू दे, दोघांनाही नोटीस पाठव. जाहिरात उतरू दे, बस.

नोटीस चांगली लिहिली होती पोरीने. मी फक्त एक स्वल्पविराम घातला.

दोघांचं मिळून एकच उत्तर आलं. आमची काही चूक नाही, फोटोचे सर्व हक्क आमचे आहेत, आपल्याकडे असलेली प्रत केवळ घरगुती वापरासाठी आहे याची नोंद घ्यावी. तरीही ज्येष्ठ नागरिक म्हणून आपल्या भावनांचा आदर करून जाहिरातीत योग्य तो बदल करत आहोत.

तो बदल मला फुलवालीनेच सांगितला. "बाई, उतरवलं तुमाला. दुसरी बसवली तुमच्या जागी." शेवंती मोजता मोजता थांबली. "ती आता तुमी नाय. पण हसती तुमच्यावानीच."

पुन्हा रिक्षा केली. तोच फ्लेक्स, तेच ढग, तीच समई. साडी माझी. नाक बारीक केलं होतं, डोळे घारे, गाल भरलेले, भुवया जवळ आणलेल्या. ही कामं आता यंत्र करतं म्हणे, फोटोवालाही लागत नाही. हार आणि कुंकू जिथल्या तिथे. त्या कोणाच्याच नसलेल्या चेहऱ्यावर ओठ तेवढे माझे ठेवले होते. उजवीकडून जरा वर उचललेले. तुमचे बाबा असेच हसतात आणि आता धाकटाही हसतो. बहुतेक तेवढंच चांगलं आलं होतं, म्हणून राहू दिलं असेल.

वकील मुलीला फोनवर फोटो काढून दाखवला. ती बराच वेळ बोट लावून मोठं करून बघत राहिली.

"आता ह्या तुम्ही आहात असं म्हणणं अवघड आहे, काकू. ह्या कोणीच नाहीत."

"आणि हसू?"

"हसण्यावर हक्क सांगितल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही."

तर तो फ्लेक्स अजून तिथे आहे, आणि फोनवरही आहे. तुम्ही पाहिला की नाही मला माहीत नाही. मध्ये एका रविवारी तुम्ही दोघं फोनवर फार शहाण्यासारखं बोललात, माझी तब्येत दोनदा विचारलीत. तुमच्या आईने विषय काढला नाही, मीही नाही. पाहिला असेल तर एवढंच सांगते की ती बाई मी नाही, पण ज्याला बघून ती हसते आहे तो तूच, धाकट्या, डोक्यावर वाटी उपडी केलेला. ते मी त्यांना विकलं नव्हतं.

चौकटीतला फोटो मी कपाटातून काढला. फाडवला नाही. चौकटीतून सोडवला, पालथा करून ट्रंकेत तळाशी टाकला. मी गेल्यावर तो तुम्ही भिंतीवर लावलात तर येणाऱ्या प्रत्येकाला वाटेल, ह्या बाईला कुठे तरी पाहिलं आहे.

गेल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेले. म्हटलं, पासपोर्टसाठी काढतात तसा काढा. मुलगा म्हणाला, "ओठ मिटा. पासपोर्टला हसलेलं चालत नाही." मी म्हटलं, म्हणूनच. मोठा करून द्या, चौकटीत बसेल असा.

"पासपोर्टचा एवढा मोठा कोणी करत नाही, आजी."

"आजी म्हणू नका," मी म्हटलं. "कधी मिळेल तेवढं सांगा."

तो बिचारा गोंधळला. त्याची काही चूक नव्हती. पण परक्या माणसाने आजी म्हटलं की आता माझा हात पर्सच्या चेनवर जातो.

तो फोटो जुन्या चादरीत गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला आहे. दोन्ही खांदे माझेच आहेत. टिकली लहान, काळी. ओठ मिटलेले. तोच लावा.